शिट्टीही तूच वाजव

अगं, नववीपर्यंत आमच्या मैदानावर पोरींचा नुसता गलका असतो. शाळा सुटली की दप्तरं भिंतीशी पडतात, युनिफॉर्मखाली ट्रॅक पँट आधीच चढवलेली असते आणि फक्कीनं खो-खोचं मैदान आखून होईपर्यंत दोन गट पडून भांडणंही सुरू झालेली असतात. दहावीचा जून उजाडला की त्यातल्या कितीतरी जणी दिसेनाशा होतात. कुणाला क्लास लागतो. कुणाला घरी सांगतात, ‘आता मोठी झालीस.’ कुणाची मावशी म्हणते, उन्हानं रंग किती रापलाय हिचा. वर्गातली मुलं मात्र तशीच खेळत राहतात. दहावी त्यांनाही असतेच की!

म्हणून तुझ्याशी जरा निवांत बोलायचंय, मोठी बहीण म्हणून. पुढचं सगळं विसरलीस तरी चालेल, पण एवढं लक्षात ठेव: मैदान सोडू नकोस. आज खेळाडू म्हणून राहा, उद्या कर्णधार म्हणून राहा, परवा पंच, प्रशिक्षक, संघटनेची सचिव म्हणून राहा. पण राहा. सामना किती वाजता लावायचा, मुलींना कपडे बदलायला आडोसा आहे की नाही, बाहेरगावी संघाबरोबर बाई जाणार की नाही, हे सगळं कुणीतरी ठरवत असतं. आपण तिथं नसलो, तर आपलं दुसरेच ठरवतात.

आधी घरचं बघू. आई-बाबा नाही म्हणाले, तर लगेच आदळआपट करू नकोस. त्यांच्या ‘नाही’मागं बहुतेक वेळा काळजी असते. परत यायला उशीर होईल, हातपाय मोडतील, अभ्यास बुडेल. मग त्या काळजीलाच उत्तर दे. येताना सोबत कोण असेल ते सांग, सरांचा किंवा मॅडमचा फोन नंबर दे. आणि आईला एकदा मैदानावर घेऊन ये. लेकीला सूर मारून गडी बाद करताना आईनं डोळ्यांनी पाहिलं, की निम्मं काम होतं. पुढं तीच बाबांशी बोलते, असं मी पुष्कळ घरांत पाहिलंय.

बाबांना कागद आवडतात, तर त्यांच्याशी कागदाचं बोल. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात. १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. ठरावीक पातळीपर्यंत मजल मारलीस, तर दहावी-बारावीला वाढीव क्रीडागुण मिळतात. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवत्ताधारक खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. म्हणून प्रत्येक प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेव. नाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याप्रमाणेच आहे ना, हे हातात पडल्या पडल्या तपास. पुढं पडताळणीच्या वेळी एका अक्षरापायी हेलपाटे पडतात.

मोठी स्वप्नं आपल्यासारख्यांच्या घरांतूनच निघालीत, हेही त्यांना सांग. धाराशिवच्या सारिका काळेनं गरिबीशी झगडत खो-खो खेळला, २०१६च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताचं नेतृत्व करून सुवर्ण जिंकलं, २०२०मध्ये अर्जुन पुरस्कार मिळवला आणि तालुका क्रीडा अधिकारी झाली. माण तालुका म्हणजे पाण्याची वणवण. तिथल्या मोही गावची ललिता बाबर २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. १९८४मध्ये पी. टी. उषा अंतिम फेरीत धावली होती, त्यानंतर ट्रॅकवर तिथवर पोचलेली ही पहिली भारतीय बाई. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत अनवाणी धावायला लागली आणि २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य घेऊन आली. यातल्या कुणाच्याही दाराशी सिंथेटिक ट्रॅक नव्हता.

आता जरा जवळ ये, शरीराचं बोलू. हे कुणी नीट सांगत नाही आणि त्यामुळंच कितीतरी मुली गुपचूप खेळ सोडतात. पाळीत खेळलं तर चालतं. दुखत नसेल तर धाव, दुखत असेल तर हलका सराव कर, अगदीच झेपत नसेल तर घरी थांब. ठरवायचं तू. मैदानावर पांढऱ्या चड्डीची सक्ती असेल, तर चार मैत्रिणी मिळून गडद रंग मागा. मागणी रास्त आहे, त्यात लाजायचं काही नाही. छाती दुखते, अवघडल्यासारखं होतं म्हणून धावणं टाळत असशील, तर आईला सांगून चांगली स्पोर्ट्‌स ब्रा घे. नव्या बुटांइतकीच तिची गरज असते. आणि एक नीट ऐक. सराव वाढला, खाणं कमी झालं आणि दोन-तीन महिने पाळीच आली नाही, तर ‘बरं झालं, कटकट गेली’ असं म्हणू नकोस. शरीराला अन्न पुरत नाहीये, हाडं कमजोर होतील, याची ती सूचना असू शकते. थेट डॉक्टरांकडं जा.

रक्ताचंही तसंच. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. मैदानावर लवकर दम लागणारी मुलगी आळशी असतेच असं नाही. पुष्कळदा तिचं हिमोग्लोबिन कमी असतं. तपासून घे. शाळेत लोहाची निळी गोळी देतात, ती खिशात ठेवून घरी नेऊ नकोस, जेवणानंतर घे. मटकीची उसळ, पालेभाजी, बाजरीची भाकरी, गूळ-शेंगदाणे, चालत असतील तर अंडी, यावर लिंबू पिळायला विसरू नकोस. जेवणाला लागून चहा मात्र नको, त्यानं लोह नीट शोषलं जात नाही. आणि घरात भावाच्या ताटात दोन अंडी पडत असतील, तर तुझ्याही ताटात दोन पडायला हवीत. हे मागायला शीक.

गुडघे सांभाळ. उडी मारून खाली येताना मुलींचे गुडघे आत वळतात, आणि गुडघ्यातला ‘एसीएल’ हा अस्थिबंध मुलांपेक्षा मुलींचा जास्त फाटतो. सरावाआधी दहा मिनिटं नीट वॉर्म-अप, एका पायावर तोल, स्क्वॉट, उडी मारून हलकेच टेकणं, एवढं नेमानं केलंस तरी धोका बराच कमी होतो.

मनाचंही असंच जप. क्रिकेटपटू जेमिमा रॉड्रिग्जला २०२२च्या विश्वचषकाच्या संघातून वगळलं होतं. २०२५च्या विश्वचषकात उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा करून तिनं भारताला जिंकून दिलं, आणि सामन्यानंतर सगळ्या जगासमोर सांगितलं की ती किती चिंतेत होती, किती रडत होती आणि जवळच्या माणसांनी तिला कसं सावरलं. तूही बोल. उराशी धरून खेळू नकोस.

आता एक अवघड गोष्ट. बहुतेक प्रशिक्षक लेकीसारखं जपतात. पण एखाद्याचा हात नको तिथं जात असेल, रात्री-अपरात्री मेसेज येत असतील, ‘कुणाला सांगितलंस तर संघातून काढीन’ असं कानावर पडत असेल, तर त्यात तुझा काडीचाही दोष नाही. लगेच घरी सांग. घरी जमत नसेल तर ज्या बाईंवर विश्वास आहे त्यांना सांग, नाहीतर १०९८ या चाइल्डलाइनला फोन लाव. अठराच्या आतल्या प्रत्येकीसाठी पॉक्सो कायदा आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे मैदानही त्यात आलं. आपल्या क्लबमध्ये तक्रार समिती आहे का आणि तिच्यात कोण आहे, हे हक्कानं विचार.

बरं, नेतृत्वाचं. कर्णधार म्हटलं की मुलींना वाटतं, मोठ्यानं ओरडणारी, सगळ्यांत चांगलं खेळणारी. तसं नसतं गं. मागं एका शालेय सामन्यात मी पंच होते. आठ जणी खाली बसलेल्या, नववी पाठलागावर. त्यात एक चिमुरडी खो मिळायच्या आधीच उठायची. फाउल. पुन्हा उठली, पुन्हा फाउल. बाहेरून आरडाओरडा सुरू झाला, पोरगी रडकुंडीला आली. कर्णधार दोन जागा सोडून बसली होती. ती तिच्यावर डाफरली नाही. तिचं नाव घेऊन एवढंच म्हणाली, ‘त्यांचं ऐकू नकोस. खो ऐक, मग ऊठ.’ पुढच्या खोला ती बरोबर वेळेवर उठली आणि तिनंच गडी बाद केला. कर्णधारपण ते असं.

बाकीचं सगळं शिकता येतं. नाणेफेक जिंकल्यावर आधी पाठलाग घ्यायचा की पळती, पहिल्या तुकडीत कोणत्या तिघींना उतरवायचं, खांबाजवळ कोण बसेल, हातात गुण असताना डाव लवकर सोडायचा का. हे वहीत लिहून काढ, मोठ्या सामन्यांत बघ, सरांना विचार. राखीव मुलींना पाणी द्यायला आणि दप्तरं राखायला बसवू नकोस, त्यांनाही डाव समजावून सांग. जानेवारी २०२५मध्ये पहिल्या खो-खो विश्वचषकात आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे भारताची कर्णधार होती. अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवून तिनं चषक उचलला. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला हरमनप्रीत कौरच्या संघानं नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. सांगलीची स्मृती मानधना त्या संघाची उपकर्णधार. खचाखच भरलेलं स्टेडियम मुलींसाठी जागं होतं. ‘मुलींचा खेळ बघायला येतंय कोण?’ असं कुणी म्हणालं, तर ही तारीख सांग.

पण खेळण्याचं वय सरलं की आपण निघून जायचं, हे कुणी ठरवलं? मुलगे खेळणं थांबवतात आणि पंच होतात, प्रशिक्षक होतात, संघटनेच्या खुर्चीवर बसतात. आपण लग्नाच्या अल्बमशेजारी मेडल ठेवून देतो. नवी मुंबईच्या वृंदा राठीची गोष्ट ऐक. ती आधी क्रिकेट खेळली, मग सामन्यांचं गुणलेखन करू लागली. २०१३च्या महिला विश्वचषकात गुणलेखन करताना न्यूझीलंडच्या पंच कॅथी क्रॉस तिला दिसल्या आणि तिनं पंच व्हायचं मनावर घेतलं. परीक्षा दिल्या, कडक उन्हात दिवस दिवस उभी राहिली. जानेवारी २०२३मध्ये गोव्यात पर्वरीला पुरुषांच्या रणजी सामन्यात ती पंच म्हणून उतरली. त्या फेरीत जननी नारायणन आणि गायत्री वेणुगोपालन याही इतर मैदानांवर उभ्या होत्या. रणजीत बायका पंच म्हणून उभ्या राहण्याची ती पहिलीच वेळ.

तुला हे आजपासून सुरू करता येतं. शाळेच्या सामन्यात गुणपत्रक हातात घे, घड्याळ लाव, लहान गटाच्या सामन्यात शिट्टी वाजव. नियमांचं पुस्तक पाठ कर. खो-खो, कबड्डीच्या संघटना पंच परीक्षा घेतात, त्या कधी असतात ते जिल्हा संघटनेत विचारून ठेव. प्रशिक्षक व्हायचं असेल, तर पटियालाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत पदविका आहे, सहा आठवड्यांचा छोटा अभ्यासक्रमही आहे. आणि खुर्चीलाही लाजू नकोस. डायना एडल्जी भारताकडून खेळल्या आणि २०१७पासून क्रिकेट मंडळाचा कारभार पाहणाऱ्या समितीत बसल्या. पी. टी. उषा २०२२पासून भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या अध्यक्ष आहेत. २०२५च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यानं राष्ट्रीय महासंघांच्या जास्तीत जास्त १५ जणांच्या कार्यकारिणीत किमान ४ महिला असायलाच हव्यात असं ठरवलंय. या जागा नावापुरत्या कुणाच्या तरी वहिनीनं किंवा सुनेनं भरल्या जाऊ नयेत, तर मैदान माहीत असलेल्या बाईनं भराव्यात. त्यासाठी तू तयार हवीस.

आणि लग्न होऊन मैदान सुटलेल्या माझ्या बायांनो, तुम्हीही ऐका. तुमच्या अंगातली पळती कुठं गेलेली नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी गावातल्या शाळेच्या मुलींना शिकवा. मुख्याध्यापकांना भेटून मैदानावर एक दिवा आणि स्वच्छतागृहाची किल्ली मागा. तुम्ही तिथं उभ्या आहात म्हटल्यावर कितीतरी आया आपल्या लेकींना निर्धास्त पाठवतील.

तेव्हा या शनिवारी शाळा सुटली की घरी जायची घाई करू नकोस. मैदानावर ये आणि येताना तुझ्याहून लहान एकीला सोबत आण, जिला घरून अजून ‘हो’ मिळालेलं नाही. तिच्या आईशी आधी तू बोल. ती खेळायला लागली, की तुझं पुढारीपण तिथंच सुरू झालं असं समज.

तुझीच,
ताई