डोक्यातली गाठ आणि रक्तातली खूण

घराचे दार बंद असले, तरी कौलांतून धूर निघाला की आत चूल पेटली आहे हे आपण ओळखतो. मेंदूचेही तसेच आहे. तो कवटीच्या आत असतो. तिथे गाठ झाली तर बाहेरून दिसत नाही. पण काही गाठी आपली खूण रक्तात सोडतात. ती खूण म्हणजे प्रथिन.

मूल आईच्या पोटात असताना त्याच्या यकृतात एक प्रथिन तयार होते. डॉक्टर त्याला ए. एफ. पी. म्हणतात. जन्मानंतर ते कमी होत जाते. वर्षभरात अगदी थोडे उरते. मग दहा वर्षांच्या मुलाच्या रक्तात ते फार सापडले, तर काय समजायचे?

१९६३ साली मॉस्को शहरात अबेलेव्ह नावाच्या शास्त्रज्ञांना यकृताची गाठ झालेल्या उंदरांच्या रक्तात हे प्रथिन आढळले. पुढे माणसांतही आढळले. मुलांच्या मेंदूत जननपेशींची गाठ होते. तिच्या काही जाती ए. एफ. पी. सोडतात. काही जाती एच. सी. जी. नावाचे दुसरे प्रथिन सोडतात. बाई गरोदर आहे का, हे लघवीतून कळते ते याच प्रथिनामुळे.

म्हणून डॉक्टर मुलाचे रक्त तपासतात. डोक्याचा फोटो पाहून, धोका नसेल तर, कमरेत सुई घालून मणक्यातले पाणीही काढतात. पुष्कळ आयाबाप इथे घाबरतात. "पोर लुळं पडेल," म्हणतात. पण मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली सुई घालतात. भिऊ नये.

मात्र मेंदूच्या बहुतेक गाठी ही खूण सोडत नाहीत. रक्त चांगले निघाले म्हणजे गाठ नाही, असे समजू नका. फोटो काढावाच लागतो.

उपचार सुरू झाले की प्रथिन उतरू लागते. मूल खेळू लागते. मग घरचे म्हणतात, "बरं झालं, आता कशाला खेपा घालायच्या?" इथेच घात होतो. राखेखाली विस्तव असतो. गाठ पुन्हा वाढू लागली, तर कधी कधी फोटोत दिसण्याआधी रक्तात कळते. म्हणून डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवू नये.

आमचे सांगणे एवढेच : सकाळी उठल्यावर डोके दुखणे, पुन्हा पुन्हा ओकारी, चालताना तोल जाणे, नजर तिरकी होणे, फार तहान आणि फार लघवी, यांतले काही दिसले तर भगताकडे दिवस घालवू नका. मुलाला दवाखान्यात न्या. वेळेवर उपचार झाले तर जननपेशींच्या गाठीची पुष्कळ मुले बरी होतात.

सांगा पाहू :
१. रक्तात कोणती खूण सापडते?
२. रक्त चांगले निघाले तरी फोटो का काढतात?
३. मूल बरे दिसले तरी तपासणी का करावी?