सिनेमाचा दुसरा भाग कसा तयार होतो? (इयत्ता पाचवीसाठी एक पाठ)



दिवाळीच्या सुट्टीनंतर "सुट्टीत काय काय पाहिलं?" हा प्रश्न मी वर्गात दरवर्षी विचारते. या वेळी पाच-सहा मुलांनी एकाच सिनेमाचं नाव घेतलं. 'हॅरी पॉटर'चा दुसरा भाग, हिंदीत डब केलेला. उडणारी गाडी, राक्षसी कोळी, तळघरातला साप, सगळं त्यांना तोंडपाठ. मी विचारलं, "हे कसं केलं असेल रे?" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "कम्प्युटरवर, मॅडम!"

ते उत्तर मला जरा टोचलं. आमची शाळा दिघीत. वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांचे पालक भोसरी नाहीतर चाकणच्या कंपन्यांत कामाला. कुणी प्रेस शॉपमध्ये, कुणी पेंट शॉपमध्ये, कुणी छोट्या वर्कशॉपमध्ये. ज्यांच्या घरी हाताने वस्तू घडवणारी माणसं आहेत, त्याच मुलांना वाटतं की बटण दाबलं की जादू होते. त्यातच एका मुलाने 'माझे बाबा' या निबंधात एवढंच लिहिलं होतं, "बाबा कंपनीत आहेत." मी विचारलं, "काय करतात?" तो म्हणाला, "काही नाही मॅडम, वेल्डिंग."

हे 'काही नाही' माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून हा पाठ तयार केला. तुम्हालाही वापरता येईल.

पाठाची उद्दिष्टे

१. कादंबरीवरून सिनेमा कसा बनतो हे मुलांना समजणे.
२. मोजमाप, वजन, वेळ या गणितातल्या गोष्टी प्रत्यक्ष कामाशी जोडणे.
३. सारांश लिहिताना काय ठेवावं आणि काय सोडावं याचा विचार करणे.
४. हाताच्या कामाबद्दल आदर वाटणे. (हे उद्दिष्ट पाठ टाचणात लिहिता येतं, पण त्यावर मार्क देता येत नाहीत!)

आधी थोडी माहिती

जे. के. रोलिंग यांची 'हॅरी पॉटर अँड द चेंबर ऑफ सीक्रेट्स' ही कादंबरी १९९८ साली आली. हा मालिकेतला दुसरा भाग. मालिकेचं पहिलं पुस्तक मराठीत 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावाने मिळतं. पहिला सिनेमा नोव्हेंबर २००१ मध्ये लागला आणि दुसरा बरोबर एका वर्षाने, १५ नोव्हेंबर २००२ रोजी. दोन्हींचे दिग्दर्शक ख्रिस कोलंबस आणि पटकथाकार स्टीव्ह क्लोव्ह्ज.

मुलं थांबत नाहीत, वाढतात

दुसऱ्या भागाचं चित्रीकरण १९ नोव्हेंबर २००१ ला सुरू झालं. पहिला भाग थिएटरात लागून जेमतेम तीन दिवस झाले होते. एवढी घाई का? हे मी मुलांनाच विचारलं. "पैसे मिळवायला," एक जण म्हणाला. तेही खरंच आहे. पण दुसरं कारण त्यांच्या स्वतःच्या अंगावर होतं. जूनमध्ये घेतलेली पँट दिवाळीपर्यंत घोट्याच्या वर जाते की नाही? हॅरीचं काम करणारा डॅनियल रॅडक्लिफ तेव्हा १२ वर्षांचा होता. त्या वयात उंची वाढते, आवाज फुटतो. गोष्टीत एकच वर्ष पुढे गेलेलं असताना पडद्यावर मुलगा तीन वर्षांनी मोठा दिसून कसं चालेल? कॅमेरा थांबेल, पण मुलाचं वाढणं थांबत नाही.

आपल्या पुण्यातही हे झालंय. 'सकाळ'मधली चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची चित्रमालिका तुम्ही वाचली असेल. त्यावरचा 'चिंटू' हा सिनेमा २०१२ मध्ये आला आणि 'चिंटू २' पुढच्याच वर्षी. दिग्दर्शक तेच, श्रीरंग गोडबोले, आणि चिंटूही तोच, शुभंकर अत्रे. चित्रातला चिंटू वर्षानुवर्षं तेवढाच राहतो, पण त्याचं काम करणारा मुलगा तेवढाच कसा राहील?

मोठ्या माणसांनाही काळ सोडत नाही. डंबलडोर सरांचं काम करणारे रिचर्ड हॅरिस २५ ऑक्टोबर २००२ ला वारले. सिनेमा लागायला तीन आठवडे बाकी होते. तिसऱ्या भागापासून ती भूमिका मायकेल गॅम्बन यांनी केली. हे सांगितल्यावर वर्ग एकदम गप्प झाला. "म्हणजे दाढीवाले आजोबा बदलले ते यामुळे?" एका मुलीने विचारलं. हो, यामुळे.

विमानांच्या कारखान्यातलं तळघर

आता माझ्या आवडीचा भाग. हा सिनेमा मुख्यतः जिथे बनला ती जागा म्हणजे लंडनजवळचं लीव्ह्जडन. आज तिथे मोठा स्टुडिओ आहे, पण मुळात तो विमानांचा कारखाना! दुसऱ्या महायुद्धात तिथे 'मॉस्किटो' नावाची लढाऊ विमानं बनायची. पुढे रोल्स-रॉइसचं इंजिनांचं काम तिथे चाललं. कारखाना बंद पडला आणि त्या रिकाम्या शेडमध्ये सिनेमावाले आले. उंच छत आणि मधे खांब नसलेली मोठी जागा त्यांना हवीच होती.

बंद पडलेली शेड आमच्या मुलांना नवीन नाही. एमआयडीसीतून जाताना गंजलेलं गेट दिसलं की "इथे आधी माझे काका होते" असं सांगणारं एक तरी मूल असतंच. त्यामुळे ही गोष्ट त्यांनी कान देऊन ऐकली.

त्या शेडमध्ये कला-दिग्दर्शक स्टुअर्ट क्रेग यांनी गोष्टीतलं तळघर उभं केलं. लांबी ७६ मीटरहून जास्त, रुंदी साधारण ३६.५ मीटर. हे नुसतं सांगून उपयोग नाही. टेप घेऊन मुलांना मैदानावर न्या. आम्ही मोजायला लागलो आणि आमचं मैदान संपलं, ७६ मीटर काही संपेनात! शेवटचा मुलगा कंपाउंडच्या भिंतीला टेकून ओरडला, "मॅडम, तळघर रस्त्यावर गेलं!"

वर्गात येऊन क्षेत्रफळ काढलं. ७६ × ३६.५ म्हणजे २,७७४ चौरस मीटर. मग आपल्या वर्गाचं क्षेत्रफळ काढून असे किती वर्ग त्यात बसतील, हा भागाकार. एरवी भागाकाराला तोंड वाकडं करणारी मुलंही यात रमली.

एक विचार करायला लावणारा प्रश्नही द्या. कादंबरीत तळघराच्या टोकाला छतापर्यंत पोचणारा अख्खा पुतळा आहे. सिनेमात फक्त त्याचं प्रचंड डोकं दिसतं. असं का केलं असेल? कुणी म्हणालं सिमेंट संपलं असेल, कुणी म्हणालं शेडच्या छताला पुतळा लागला असता. उत्तर लगेच देऊ नका. जागा, पैसा, वेळ यांत काम बसवणं म्हणजे काय ते मुलं आपणच शोधतात.

गाडी, कोळी आणि रडणारी मुळं

उडणारी निळी गाडी म्हणजे फोर्ड अँग्लिया, १९६० च्या दशकातलं मॉडेल. फांद्या आपटणाऱ्या झाडाच्या प्रसंगासाठी अशा डझनभराहून जास्त गाड्यांची मोडतोड करावी लागली. हे ऐकून चाकणला गाड्यांच्या कंपनीत वडील असलेली एक मुलगी कळवळून म्हणाली, "नवीन होत्या का?" नाही गं, जुन्याच.

अ‍ॅरागॉग हा कोळी तर खराखुरा बांधलेला. पाय पसरले की १८ फूट, म्हणजे साधारण साडेपाच मीटर. वजन पाऊण टन. तो हलवायला पंधरा-एक माणसं लागायची आणि एकेक पाय वेगळ्या माणसाकडे असायचा. एकाने घाई केली तर कोळी लंगडणार! कुंडीतून उपटल्यावर रडणाऱ्या मुळांची यंत्रंही खरी होती, ती चालवणारी माणसं टेबलाखाली दडून बसलेली. रॉनच्या तोंडातून गोगलगायी पडतात त्या प्रसंगातला चिकट पदार्थ चॉकलेट, लिंबू अशा चवींचा केला होता. ही माहिती शेवटी सांगा, नाहीतर पुढचा तास होत नाही. स्वानुभव!

मग कम्प्युटर कुठे होता? होता ना. डॉबी हा घरगडी संपूर्ण कम्प्युटरवर बनला, त्याला आवाज टोबी जोन्स यांनी दिला. साप अर्धा बांधलेला, अर्धा कम्प्युटरवरचा. म्हणजे मुलांचं उत्तर चुकीचं नव्हतं, अपुरं होतं. आणि कम्प्युटरवरही काम माणसंच करतात, हेही सांगायला विसरू नका.

गुरुवारचे पाहुणे

भोसरीतल्या बऱ्याच कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते. त्या 'काही नाही, वेल्डिंग'वाल्या मुलाच्या वडिलांना मी एका गुरुवारी वर्गात बोलावलं. आधी नको म्हणत होते, "मॅडम, मी काय बोलणार? माझं शिक्षण दहावी." आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. मी फळ्यावर कोळ्याची मापं लिहिली आणि विचारलं, "दादा, तुम्हाला हे काम आलं तर कुठून सुरुवात कराल?"

खडू हातात घेतल्यावर ते वेगळेच माणूस झाले. आधी आतला सांगाडा. मग पाय जिथे वाकतो तिथला सांधा. पाऊण टन वजन कुठल्या पाइपने पेलेल, वेल्ड कुठे तुटेल, सगळं काढून दाखवलं. मुलं उभी राहून बघत होती. मी सहज म्हटलं, पहिला भाग चालला म्हणजे दुसरा सोपाच गेला असेल नाही? ते हसले. "उलट आहे मॅडम. पहिला पीस ओके करणं एक वेळ सोपं. पुढचा लॉट तसाच काढणं अवघड. पहिल्या वेळी गिऱ्हाईकाला माहीत नसतं काय मिळणार. दुसऱ्या वेळी तो पहिला पीस शेजारी ठेवून बघतो."

दुसऱ्या भागाबद्दल मी चार परिच्छेद तयार करून नेले होते. ते वाचायची गरज उरली नाही.

काय ठेवायचं, काय सोडायचं?

भाषेच्या तासासाठी हा मुद्दा घ्या. मालिकेतल्या सात पुस्तकांत हे दुसरं पुस्तक लहान, पानांच्या हिशोबाने खालून दुसरं. पण आठ सिनेमांत हाच सगळ्यात लांब, १६१ मिनिटांचा. तरीही काही प्रसंग गाळावेच लागले, उदाहरणार्थ भुताच्या मृत्युदिनाची मेजवानी.

अडचण अशी की २००२ मध्ये मालिकेची चारच पुस्तकं आली होती. पुढे काय होणार हे वाचकांना माहीत नव्हतं. या भागातली जुनी डायरी नुसती एका भागापुरती वस्तू वाटते. तिचं खरं महत्त्व कळलं २००५ मध्ये, सहाव्या पुस्तकात. ती डायरी कुणी 'जास्तीची' म्हणून काढून टाकली असती तर? सारांश लिहिताना मुलं जे पहिल्यांदा खोडतात, तिथे हे उदाहरण आठवून द्या.

याच्या उलट वाटही असते. भा. रा. भागवतांच्या 'फास्टर फेणे'वर २०१७ मध्ये सिनेमा आला. त्यात अमेय वाघने केलेला बनेश मोठा झालाय, मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात आलाय. एखादं पुस्तक जसंच्या तसं घेण्याऐवजी नायकच पुढे नेला. कुठली वाट बरोबर? वर्गात वाद होऊ द्या.

वर्गात घ्यायच्या कृती

१. पाठ्यपुस्तकातल्या आवडत्या धड्याचा 'दुसरा भाग' दहा ओळींत लिहा. पात्रांचे स्वभाव बदलायचे नाहीत.
२. पुठ्ठा, दोरा आणि स्प्लिट पिन वापरून हलणारा कोळी करा. आठ पाय, आठ मुलं.
३. घरातल्या एका मोठ्या माणसाची मुलाखत घ्या. 'तुम्ही काय बनवता?' आणि 'त्यात अवघड काय?' हे दोन प्रश्न हवेतच. आई घरी डबे करत असेल, शिवणकाम करत असेल, तर तीही मुलाखत चालेल.

पालकांसाठी थोडंसं

साप आणि कोळ्याचे प्रसंग लहान मुलांना भीती घालू शकतात. पहिली-दुसरीच्या मुलांना एकट्याने मोबाइलवर दाखवू नका, शेजारी बसा. "घाबरू नको, खोटं आहे" असं म्हणण्यापेक्षा "हा कुणी बनवला असेल?" असं विचारा. भीती कमी होते आणि प्रश्न सुरू होतात.

आणि एक विनंती. मुलांना तुमच्या कामाबद्दल सांगा. दमून घरी आल्यावर बोलावंसं वाटत नाही, मला कळतं. पण रोज पाच मिनिटं तरी. आपण सांगितलं नाही, तर मुलं त्या रिकाम्या जागेत 'काही नाही' लिहितात.

त्या मुलाने मुलाखतीच्या वहीत या वेळी दीड पान लिहिलं. सुरुवात अशी आहे: "माझे बाबा फिक्स्चर बनवतात. फिक्स्चर म्हणजे काय ते मी सांगतो." 'फिक्स्चर' हा शब्द त्याने दोन ठिकाणी दोन तऱ्हेने लिहिलाय. मी लाल पेन उघडलं आणि परत बंद केलं. शुद्धलेखन पुढच्या तासाला.