नाव आहे, वस्तू नाही

व्याकरणात सर्वनामामागे नाम लागते. ते नसल्यास वाक्य लुळे पडते. संगणकातील व्हेरिएबलची गत तीच. माहिती एका ठिकाणाहून दुसरीकडे वाहून नेणारी ‘अपाची नायफाय’ ही प्रणाली उदाहरणादाखल घेऊ.

तिच्यात डॉलर-चिन्ह व महिरपी कंसात लिहिलेले नाव सापडले नाही, तर तक्रार होत नाही. ती जागा रिकामी राहते. फोल्डरच्या पत्त्यात गावाचे नाव असे चुकले, की साऱ्या गावांच्या फायली एकाच ढिगात पडतात आणि काम सुरळीत चालल्याचा भास होतो. हॅश-चिन्हाने लिहिलेला पॅरामीटर मात्र न सापडल्यास तो टप्पा अवैध ठरतो, सुरूच होत नाही.

म्हणून शोध क्रमाने घ्यावा. चिन्ह योग्य आहे काय? स्पेलिंग, लहान-मोठी अक्षरे तंतोतंत जुळतात काय? त्या गटाला पॅरामीटरांचा संच जोडला आहे काय? गुप्त रकान्यात गुप्त पॅरामीटरच घातला आहे काय? जुनी गटव्यापी व्हेरिएबल्स २०२४ च्या दुसऱ्या आवृत्तीत काढून टाकली आहेत, हेही ध्यानात घ्यावे. शेवटी एकच नोंद पुढे सोडून तिचे गुणधर्म स्वतःच्या डोळ्यांनी पाहावेत. बोलकी चूक काम थांबवते. मुकी चूक मात्र चुकीचे काम चालू ठेवते.