पदवीवाचून कसब : खानदेशी तरुण आणि कडोदऱ्याचे कारखाने

मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि सुरत-बारडोली रस्ता जेथे एकमेकांस छेदतात, त्या चौफुलीवर कडोदरा वसले आहे. सुरत जिल्ह्याच्या पलसाणा तालुक्यातील या गावाच्या आसपास ऊसशेती आहे, तसेच कृत्रिम धाग्याचे कापड विणणारे व रंगविणारे कारखानेही आहेत. ताप्ती खोऱ्यातून जाणाऱ्या रेल्वेमार्गावरील चलथाण स्थानक येथून जवळ आहे. नंदुरबार, धुळे आणि जळगाव या जिल्ह्यांतील तरुणास हा मार्ग परिचयाचा असतो. मुंबईपेक्षा सुरत त्याला जवळची वाटते, कारण तेथे काका, मामा अथवा गावकरी आधीच स्थायिक झालेला असतो आणि उधना-लिंबायतच्या गल्ल्यांतून त्याची अहिराणी बोली कानी पडते.

दहावी-बारावीनंतर ज्यांचे शिक्षण थांबते, अशा मुलांबद्दल खेड्यात एक समज रूढ आहे : मुलगा सुरतेला गेला म्हणजे मार्गी लागला. हा समज अर्धाच खरा आहे. काम मिळते, यात शंका नाही. परंतु काम मिळणे आणि व्यवसाय हाती येणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर बहुधा तरुणास उमगते तेव्हा त्याचे वय उलटून गेलेले असते. यंत्रमागावर मजुरी मीटरवर मोजली जाते. अंगात जोर असेतो मीटर वाढतात. पुढे नजर मंदावते, मागाच्या खडखडाटाने कान जड होतात आणि मीटर घटू लागतात. अशा कामगाराजवळ वीस वर्षांचा अनुभव असतो. तो अनुभव सिद्ध करणारा एकही कागद नसतो.

रंगाईच्या कारखान्यात थोडा वेळ उभे राहिल्यास या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. पॉलिएस्टरचा धागा घट्ट असतो. साध्या उकळत्या पाण्यात तो रंग नीट शोषून घेत नाही. म्हणून कापड ‘जेट’ नावाच्या बंद यंत्रात घालून, दाबाखाली, सुमारे 130 अंश सेल्सियस तापमानाला रंगवितात. तापमान घाईने चढविले तर रंग कोठे गडद, कोठे फिका बसतो व सारा ताका वाया जातो. त्यानंतर ‘स्टेंटर’ यंत्रावर कापड ताणून उष्णतेने त्याची रुंदी कायम करतात. या यंत्रांना लागणारी वाफ बाष्पकातून, म्हणजे बॉयलरमधून येते. जेट चालविणारा, रंगाची छटा जुळविणारा, यंत्र दुरुस्त करणारा जोडारी, विजेची जोडणी सांभाळणारा वीजतंत्री आणि बाष्पकावरील परिचर ही माणसे एकाएकी बदलता येत नाहीत. यांतील कोणत्याही कामास विद्यापीठाची पदवी अनिवार्य नाही. हात तयार व्हावा लागतो, आणि डोकेही.

बाष्पक परिचराचे उदाहरण विशेष बोलके आहे. अधिकृत प्रमाणपत्र धारण करणाऱ्या व्यक्तीच्या देखरेखीशिवाय बाष्पक चालवू नये, असे बंधन 1923 च्या कायद्याने घातले होते. त्याची जागा घेणाऱ्या 2025 च्या कायद्यातही प्रमाणित परिचर आवश्यकच आहे. हे प्रमाणपत्र प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि परीक्षा यांवर मिळते. महाराष्ट्रात हे काम बाष्पके संचालनालय पाहते. बाष्पकात कोळसा टाकणारा आणि बाष्पकाची जबाबदारी घेणारा, दोघे एकाच भट्टीपाशी उभे असतात. पहिला कोणत्याही दिवशी बदलता येतो, दुसऱ्यावाचून भट्टी पेटविता येत नाही.

मग हा कागद मिळवायचा कसा? कारागीर प्रशिक्षण योजना देशात 1950 पासून सुरू आहे व औद्योगिक प्रशिक्षण संस्था तिच्याच अंतर्गत चालतात. जोडारी व वीजतंत्री हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे, तर संधाता म्हणजे वेल्डर हा एक वर्षाचा. काही व्यवसायांना दहावी अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांसही प्रवेश मिळतो, ही गोष्ट अनेक पालकांस ठाऊकच नसते. राष्ट्रीय परिषदेचे प्रमाणपत्र सर्व राज्यांत मान्य असल्याने, नवापूरच्या ज्या स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात व काही गुजरातेत आहे, ते ओलांडल्यावरही त्याचे मोल कमी होत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यास तंत्रनिकेतनाच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची सोय आहे, तेव्हा पुढील शिक्षणाचे दारही बंद होत नाही.

ज्याला घरच्या परिस्थितीमुळे दोन वर्षे बिनकमाईची काढता येत नाहीत, त्याच्यासाठी 1961 च्या शिकाऊ उमेदवारी अधिनियमाचा मार्ग आहे. 2019 मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन 30 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन आले, आणि किमान मासिक विद्यावेतन शिक्षणानुसार 5,000 ते 9,000 रुपये असे ठरविण्यात आले. मागावरील मजुरीच्या मानाने ही रक्कम अल्प आहे, हे मान्य केले पाहिजे. घरी पैसे पाठवावयाचे असताना कमी पैशांत शिकत राहणे सोपे नाही, आणि याच कारणाने पुष्कळ मुले पहिल्या सहा महिन्यांतच मागाकडे वळतात. वडीलधाऱ्यांनी तेवढा काळ मनिऑर्डरीची, किंवा आजच्या काळात भ्रमणध्वनीवरून येणाऱ्या पैशांची, अपेक्षा कमी ठेवली तर मुलगा टिकतो.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. ‘शिकाऊ’ म्हणून कामावर घेतले, एवढ्याने कोणी कायद्याने शिकाऊ उमेदवार ठरत नाही. मालक व उमेदवार यांच्यात करार झाला पाहिजे आणि त्याची नोंद अधिकृत संकेतस्थळावर झाली पाहिजे. नोंद नसेल तर मुदत संपल्यावर परीक्षेस बसता येत नाही व प्रमाणपत्रही मिळत नाही. कराराची प्रत पहिल्याच महिन्यात मागून घ्यावी.

जे आधीच मागावर वा जेटवर वर्षानुवर्षे काम करीत आहेत, त्यांना पूर्वानुभवाची चाचणी देऊन प्रमाणपत्र मिळविता येते. 2015 च्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत ही तरतूद करण्यात आली. दोन वर्षांच्या प्रशिक्षणाची सर त्यास येत नाही. तरीही ज्याच्याजवळ काहीच कागद नाही, त्याला दुसऱ्या कारखान्यात वरच्या कामासाठी अर्ज करताना त्याचा आधार होतो.

माध्यमिक शाळांतील शिक्षकांचा यात मोठा वाटा आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे प्रवेश दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन पद्धतीने होतात आणि मुदत थोडी असते. नेमक्या त्याच दिवसांत अनुत्तीर्ण मुलगा तोंड लपवून सुरतेच्या गाडीत बसलेला असतो. निकालाच्या आधीच अशा मुलांच्या घरी जाऊन जातीचा व रहिवासाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधारपत्र तयार ठेवण्यास सांगितले, तर अर्ज वेळेत भरला जातो.