लिलावातली दुनळी घ्यावी का?

प्रश्न : मी बर्मिंगहॅमला असतो. इथल्या एका लिलावात दमास्कस नळ्यांची 12 बोअर दुनळी पाहिली. घ्यावी का? तिच्यातून बार काढता येईल?

उत्तर : त्या नळ्यांवरची नक्षी कोरलेली नाही. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पीळ देऊन, सळईभोवती गुंडाळून, तापवून ठोकून जोडल्या, त्यातून ती उमटली आहे. पॉलिश मारून ती कृपा करून घालवू नका.

आधी नळ्या दस्त्यापासून सोडवून तळाचे ठसे वाचा. ‘नॉट फॉर बॉल’ दिसलं तर प्रूफ 1875 ते 1887 मधलं आणि नळी चोक केलेली. नायट्रो प्रूफची खूण नसेल तर आजचं काडतूस घालायचंच नाही. अशी नळी काळ्या दारूसाठी तपासलेली. मग नळ्या एका बोटावर टांगून नखाने टिचकी मारा. घंटेसारखा नाद आला तर छान. बद्द वाजल्या तर मधली पट्टी सुटलेली असू शकते. भिंतीची जाडी मात्र गनस्मिथकडूनच मोजून घ्या.

आणि ‘अँटिक’ म्हणून परवाना लागत नाही, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. 12 बोअरचं काडतूस आजही मिळतं, म्हणून शॉटगन सर्टिफिकेट लागतंच.