टोपण म्हणजे पेनाचंच ना?

गेल्या वर्षी याच अंकासाठी एक लेख घेऊन गेले होते. फॉर्मवर रकाना होता : 'नाव / टोपणनाव'. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये, त्यामुळे मराठीची बोंबच. मी सरळ विचारलं, "टोपण म्हणजे पेनाचं ना?" संपादक ताई पोट धरून हसली आणि त्या दिवसापासून हॉस्टेलमध्ये माझं नावच 'टोपण' पडलं.

गंमत म्हणजे मी चुकले नव्हते! टोपण म्हणजे झाकण. पेनाचं तेच, बाटलीचं तेच, आणि खऱ्या नावावर ठेवतात तेही तेच. आम्हाला शाळेत शिकवलेला शब्द होता 'स्यूडोनिम'. त्याचा मूळ ग्रीक अर्थ 'खोटं नाव'. मराठी शब्द खोटं म्हणतच नाही. मला हे फार बरं वाटलं, कारण माझा लेख एम-थ्रीच्या केटीवर होता आणि शब्दन् शब्द खरा होता. हॉस्टेलमध्ये केटी कोणापासून लपत नाही, पण अंक घरी जातो ना!

मग नादच लागला. 'उर्फ' अरबीतून आला, आणि तो तर चक्क 'ओळखणे' या धातूचा. पत्रावर लिहितो तो 'मार्फत' आणि 'तारीफ' हे त्याचेच भाऊबंद. म्हणजे उर्फ लपवत नाही, 'लोक यांना असं ओळखतात' एवढंच सांगतो. उर्दू शायरांचा 'तखल्लुस' त्याहून भारी. त्याच्या मुळाशी सुटका आहे. 'खलास' आणि 'खुलासा' त्याच घरातले.

आपल्या कवींनी हे झाकण बऱ्याचदा प्रेमानं निवडलंय. वि. वा. शिरवाडकर बहिणीच्या नावावरून 'कुसुमाग्रज', म्हणजे कुसुमचा थोरला भाऊ. पण झाकणाची खरी गरज होती विभावरी शिरूरकरांना. 1933 साली त्यांचा 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला. शिकलेल्या, स्वतः कमावणाऱ्या मुलींच्या मनातलं एका बाईनं इतकं उघड लिहिलेलं बघून गदारोळ झाला, आणि ही बाई कोण याचा शोध सुरू झाला. त्या होत्या बाळूताई खरे, लग्नानंतरच्या मालतीबाई बेडेकर. विभावरी म्हणजे रात्र! नाव उघड झाल्यावरही त्यांनी ते सोडलं नाही. 1950 ची 'बळी' ही कादंबरीसुद्धा त्याच नावानं आली. मी त्यांच्या जागी असते तर पुढे एक ओळही लिहिली नसती, हे कबूल करते.

आपल्या सिलॅबसमध्येही एक टोपणनाव आहे, पण कोणी सांगत नाही. 'स्टुडंट्स टी-टेस्ट' ही विद्यार्थ्यांसाठीची टेस्ट असं मी दोन सेमिस्टर समजत होते. (हसू नका, अर्धा वर्ग तसंच समजतो.) हा 'स्टुडंट' म्हणजे विल्यम गॉसेट, डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यातला केमिस्ट. कारखान्याच्या धोरणामुळे त्याला स्वतःच्या नावानं संशोधन छापता येत नव्हतं. म्हणून 1908 साली 'बायोमेट्रिका'त त्याचा पेपर आला तो 'स्टुडंट' या सहीनं. मोजकीच सॅम्पल्स हातात असताना सरासरीवर किती विश्वास ठेवायचा, हा त्याचा प्रश्न होता.

आणि आम्हा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं 'एलिअसिंग'! 'एलिअस' हा लॅटिन शब्द, अर्थ 'एरवी, दुसऱ्या वेळी'. 7 किलोहर्ट्झचा सिग्नल सेकंदाला 10,000 वेळा सॅम्पल केला तर तो 3 किलोहर्ट्झचा होऊन समोर येतो. सॅम्पल्स घेऊन झाल्यावर नुसत्या त्यांच्याकडे बघून हा खरा 3 की वेषांतर केलेला 7, हे सांगता येत नाही. म्हणून फिल्टर आधीच लावायचा. हे झाकण मात्र नंतर निघत नाही. शिरूरकरांचं निघालं, गॉसेटचंही निघालं.

गेल्या वर्षीचा तो लेख मी शेवटी दिलाच नाही. रकाना भरता भरता घाबरले आणि कागद घडी घालून परत आणला. हा मात्र देते आहे. अंक घरी पोचेल, बाबा खालचं नाव बघतील आणि पान उलटतील. हॉस्टेलमध्ये मात्र सगळ्यांना माहीत आहे. घरी कोणी सांगू नका, निदान एम-थ्री सुटेपर्यंत तरी!

– 'टोपण'
तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स