भाकरी, झुणका आणि खर्डा : ताटातले विज्ञान

कोल्हापूरपासून सुमारे २० किलोमीटरवर असलेल्या पन्हाळगडावर जाणारी माणसे तटबंदी आणि अंबरखाना पाहून झाला की गरम भाकरी, झुणका, खर्डा, कांदा आणि दही यांच्याकडे वळतात. हेच जेवण करवीर, कागल, शिरोळ, गडहिंग्लज या भागांतल्या घराघरांतून बुट्टीत बांधून रानात जाते. बांधावर सावली पाहून बसायचे, कांदा बुक्कीने फोडायचा आणि जेवायचे. या जेवणाला फार भांडी लागत नाहीत, फार वेळही लागत नाही. दहावीतल्या मुलाला किंवा मुलीला ते अर्ध्या-पाऊण तासात करता येईल.

पण अनेकांच्या मनात एक शंका असते. हे गरिबाचे जेवण. याने पोट भरते खरे, पण शरीराला हवे ते सगळे यातून मिळते काय? या शंकेचे उत्तर शोधण्यासाठी आपण ताटातला एकेक पदार्थ तपासू. तपासता तपासता तो कसा करायचा हेही समजेल.

भाकरीला कढत पाणी का?

गव्हाची कणीक गार पाण्यात मळली तरी चिवट होते. गव्हातील दोन प्रथिने पाण्याच्या सान्निध्यात एकमेकांत गुंततात आणि ग्लूटेन नावाचे लवचीक जाळे तयार होते. जोंधळ्याच्या पिठात असे जाळे तयार होत नाही. मग भाकरी एकसंध राहते कशामुळे? ती राहते पिष्टामुळे, म्हणजे स्टार्चमुळे.

पिठात पिष्टाचे सूक्ष्म कण असतात. गार पाण्यात ते जवळजवळ तसेच राहतात. पाण्याचे तापमान सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की ते पाणी शोषून फुगतात आणि त्यांची खळ बनते. कागद चिकटवण्यासाठी आपण खळ शिजवतो, तीच ही क्रिया. म्हणून आधणाचे पाणी पिठात घालायचे, आधी उलथन्याने कालवायचे आणि हाताला सोसवेल इतपत निवल्यावर भरपूर मळायचे. काही पिष्टाची खळ होते आणि ती उरलेल्या पिठाला धरून ठेवते.

फार दिवसांचे पीठ असले की भाकरी थापताना कडांना चिरा पडतात. घरातील वडीलधाऱ्या बायका म्हणतात, "पिठाची विरी गेली." विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. शिवाय दाण्याच्या अंकुरातील तेल हवेमुळे खवट होऊ लागते आणि पीठ कडवट लागते. म्हणून जोंधळ्याचे पीठ आठवड्याला लागेल तेवढेच दळून आणावे.

भाकरी का फुगते?

काठवटीत थापलेली भाकरी तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर ठेवतात आणि तिच्यावर लगेच पाण्याचा हात फिरवतात. या पाण्यामुळे वरचे कोरडे पीठ भिजते, पृष्ठभाग लगेच वाळून तडकत नाही आणि त्यावर खळीचा एक पातळ, अखंड थर बसतो. पाणी सुकत आले की भाकरी उलटायची. दुसरी बाजू भाजली की ती चुलीतल्या आराजवळ टेकवायची किंवा गॅसच्या ज्योतीवर धरायची.

आता दोन्ही बाजूंना घट्ट थर आहेत आणि मध्ये ओलसर पीठ आहे. आतल्या पाण्याची वाफ होते. १ ग्रॅम पाण्याची १०० अंशांना सुमारे १,६७० मिलिलिटर वाफ होते. भाकरीच्या पोटात अर्धा लिटर वाफ मावते असे धरले, तर ती तयार होण्यास किती पाणी लागेल? ५०० भागिले १,६७०, म्हणजे सुमारे ०.३ ग्रॅम. हे पाणी पाच-सहा थेंबच भरेल! इतक्या थोड्या पाण्याने भाकरी टम्म फुगते आणि पापुद्रा सुटतो. मात्र कडेला बारीकशी चीर असली तरी वाफ निसटते आणि भाकरी चपटी राहते. म्हणून थापताना कडा सारख्या करायच्या असतात. ती केवळ सुबकपणाची बाब नाही.

भाकरीवरचे तपकिरी ठिपके आणि खमंग वास यांचेही कारण ठाऊक आहे. तापलेल्या पृष्ठभागावर साखरेचे रेणू आणि प्रथिनांचे घटक यांच्यात रासायनिक क्रिया घडते. लुई कामिय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली तिचे वर्णन केले. चुलीवरच्या भाकरीची चव बरीचशी या क्रियेतून आणि निखाऱ्यांच्या प्रखर उष्णतेतून येते. ती मिळवण्यासाठी धूर सोसण्याची गरज नाही. चुलीच्या धुरातील सूक्ष्म कण डोळ्यांना व फुप्फुसांना अपाय करतात, आणि तो धूर सर्वांत जास्त भाकरी करणारीच्याच वाट्याला येतो. जाड लोखंडी तवा चांगला तापवला तर गॅसवरही खमंग भाकरी होते.

पिठल्याला गार पाणी का?

येथे एक गमतीची गोष्ट लक्षात येईल. भाकरीच्या पिठात कढत पाणी घालायचे. पिठल्याच्या पिठात मात्र ते मुळीच घालायचे नाही. हरभऱ्याच्या डाळीच्या पिठातही पिष्ट आहे. कोरडे पीठ एकदम उकळत्या पाण्यात टाकले, तर प्रत्येक ढेकळाच्या बाहेरच्या भागाची क्षणात खळ होते. ही खळ आत पाणी शिरू देत नाही. बाहेर चिकट आणि आत कोरडी अशी गुठळी तयार होते. म्हणून पीठ आधी गार पाण्यात कालवून सारखे करायचे. कढईत तेलात मोहरी, लसूण, मिरची, कांदा परतायचा, पाणी घालून उकळी आणायची आणि मग कालवलेले पीठ ढवळत ढवळत ओतायचे. पाणी कमी ठेवून परतत आटवले की झुणका, सैल ठेवले की पिठले.

पीठ घातल्यावर झाकण ठेवून चांगली वाफ आणावी. कच्च्या हरभऱ्यात प्रथिनांच्या पचनाला अडथळा करणारे काही पदार्थ असतात आणि उष्णतेने त्यांचा परिणाम बराच कमी होतो. "कच्चट वास जाईपर्यंत शिजव" या घरच्या सूचनेला हा आधार आहे.

जोडीचा हिशेब

आता मूळ शंकेकडे वळू. प्रथिने ही अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांपैकी काही शरीराला तयार करता येत नाहीत. ती अन्नातूनच मिळावी लागतात. लायसिन हे त्यांपैकी एक. प्रौढ माणसाच्या आहारातील १०० ग्रॅम प्रथिनांमागे सुमारे ४.५ ग्रॅम लायसिन असावे असे मानतात. वाढत्या वयात ते थोडे अधिक लागते. जोंधळ्याच्या प्रथिनांत ते २.२ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे गरजेच्या निम्मेच असते. हरभऱ्याच्या प्रथिनांत ते सुमारे ६.६ ग्रॅम आणि दुधाच्या प्रथिनांत सुमारे ८ ग्रॅम असते.

एका जेवणाचा स्थूल हिशेब मांडू. दोन भाकरींसाठी १०० ग्रॅम पीठ घेतले, तर प्रथिने सुमारे १० ग्रॅम आणि लायसिन ०.२२ ग्रॅम मिळते. झुणक्यासाठी ३० ग्रॅम डाळीचे पीठ घेतले, तर प्रथिने सुमारे ६.३ ग्रॅम आणि लायसिन ०.४२ ग्रॅम. दोन्ही मिळून १६.३ ग्रॅम प्रथिनांत ०.६४ ग्रॅम लायसिन झाले. शेकडा प्रमाण काढले तर ३.९ येते. यात १०० ग्रॅम दही मिळवू. दह्यातून ३ ग्रॅम प्रथिने आणि ०.२४ ग्रॅम लायसिन मिळते. आता १९.३ ग्रॅम प्रथिनांत ०.८८ ग्रॅम लायसिन आहे. शेकडा प्रमाण साडेचारच्या थोडे वर गेले! उलट हरभऱ्यात जी गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी असतात, त्यांची भर जोंधळा घालतो. भाकरी, झुणका आणि दही ही अशी एकमेकांची उणीव भरून काढणारी मंडळी आहेत.

मात्र यातले दोन गडी वगळले तर काय होते, हेही पाहिले पाहिजे. पेलाग्रा नावाच्या रोगात उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळसर, खरखरीत चट्टे पडतात आणि पोट बिघडते. नायसिन या जीवनसत्त्वाची कमतरता हे त्याचे कारण. मका हेच मुख्य अन्न असलेल्या गरीब लोकांत तो जगात अनेक ठिकाणी दिसला होता. डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी हैदराबाद येथील संशोधनातून १९६० साली दाखवून दिले, की दख्खनच्या पठारावर मुख्यतः जोंधळ्यावर गुजराण करणाऱ्या गरीब लोकांतही तो आढळतो. जोंधळ्यात ल्यूसिन हे अमिनो आम्ल जास्त असल्याने असे होत असावे, असे त्यांनी सुचवले. या कारणाबाबत पुढे मतभेद झाले, पण धडा पक्का आहे. कोरडी भाकरी आणि मीठ-मिरची एवढ्यावर भागवावे लागले, तर जोंधळ्यासारखे चांगले धान्यही पुरे पडत नाही. शेंगदाण्यात नायसिन भरपूर असते. म्हणून खर्ड्यात घातलेली मूठभर शेंगदाण्यांची भर किंवा भाकरीवरची शेंगदाण्याची चटणी ही नुसती चैन नव्हे.

खर्डा का झोंबतो?

खर्डा करणे सोपे. हिरव्या मिरच्या, लसूण आणि शेंगदाणे थोड्या तेलावर तव्यात परतायचे, मीठ घालायचे आणि तव्यातच तांब्याच्या बुडाने रगडायचे. मिरचीतील कॅप्सायसिन या पदार्थामुळे जिभेची आग होते. खरोखर मात्र तोंडाचे तापमान वाढलेले नसते. उष्णतेची जाणीव करून देणारे एक प्रथिन आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर असते. सुमारे ४३ अंशांच्या वर ते जागे होते. कॅप्सायसिननेही ते तसेच जागे होते, आणि मेंदूला "भाजले" असा निरोप जातो. अमेरिकेतील डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली हे प्रथिन शोधले. २०२१ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना आणि आर्डेम पटापूटियन यांना मिळून देण्यात आले.

कॅप्सायसिन पाण्यात फारसे विरघळत नाही. त्यामुळे ठसका लागल्यावर तांब्याभर पाणी प्यायले तरी आग शमत नाही. ते स्निग्ध पदार्थांत विरघळते, आणि दुधातील केसीन हे प्रथिनही त्याला धरून जिभेवरून दूर नेते. खर्ड्याशेजारी दही ठेवणाऱ्यांनी हा अनुभव पूर्वीच घेतला होता.

या ताटात जगाचा भूगोलही आहे. जोंधळा मूळचा ईशान्य आफ्रिकेतला, हरभरा आजच्या तुर्कस्तानच्या आग्नेय भागातला, तर मिरची आणि भुईमूग अमेरिका खंडातले. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला आला. त्यानंतरच्या काळात पोर्तुगिजांमार्फत मिरची आपल्याकडे आली. म्हणजे आपला "अस्सल" खर्डा पाचशे वर्षांहून फारसा जुना असू शकत नाही!

लोहाचा प्रश्न

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील १५ ते १९ वर्षांच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. तुमच्या वर्गातील मुलींशी या आकड्याचा थेट संबंध आहे. जोंधळ्याच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ४ मिलिग्रॅम लोह असते. पण धान्यातील फायटिक आम्ल ते अडवून धरते, त्यामुळे त्यातील थोडेच रक्तात पोचते. क जीवनसत्त्वामुळे हे शोषण वाढते. म्हणून झुणक्यावर जेवताना लिंबू पिळावे. कच्ची हिरवी मिरची, आवळा किंवा पेरूची फोड खावी. लिंबू शिजताना न पिळता शेवटी पिळायचे, कारण उष्णतेने क जीवनसत्त्वाचा नाश होतो. जेवताना किंवा जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये. चहातील टॅनिनयुक्त पदार्थ लोहाला बांधून ठेवतात. निदान तासभर जाऊ द्यावा. कडधान्यांना मोड आणल्याने फायटिक आम्ल कमी होते. अर्थात रक्तक्षय जडला असेल तर केवळ आहारावर विसंबू नये, डॉक्टरांना दाखवावे.

जिल्ह्याच्या पश्चिमेला, गगनबावडा-राधानगरीकडे, पाऊस फार. तिकडे भात आणि नाचणी पिकते. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या दुपटीहून अधिक. आठवड्यातून दोनदा नाचणीची भाकरी केली तर हाडांनाही लाभ होईल.

करून पाहा

१. कणकेचा आणि जोंधळ्याच्या पिठाचा सारखा गोळा गार पाण्यात मळा. दोन्ही अर्धा तास ठेवा व वाडग्यातील पाण्यात हळूहळू चोळून धुवा. शेवटी कोणत्या गोळ्यातून चिवट पदार्थ हाती उरतो?

२. एक भाकरी गार पाण्यात आणि दुसरी कढत पाण्यात मळलेल्या पिठाची करा. कोणती थापताना चिरते? कोणती फुगते?

३. थापलेली कच्ची भाकरी आणि भाजून झालेली भाकरी यांची वजने घ्या. फरक म्हणजे उडून गेलेले पाणी. वर काढलेल्या ०.३ ग्रॅमशी त्याची तुलना करा. उरलेली वाफ कोठे गेली असेल?

४. आपल्या घरच्या एका दिवसाच्या जेवणाची यादी करा. त्यात डाळ किंवा कडधान्य, दूध-दही-ताक आणि आंबट फळ आहे की नाही, ते पाहा. यांपैकी काही नसेल तर ते स्वस्तात कसे मिळवता येईल, यावर वर्गात चर्चा करा.

शिक्षकांनी हे प्रयोग करताना विस्तव आणि आधणाचे पाणी यांजवळ स्वतः उभे राहावे. आणखी एक काळजी घ्यावी. भाकरी थापायला मुलींनाच बसवू नये. मुलांनाही काठवटीपुढे बसवावे. पहिली भाकरी बहुधा नकाशासारखी वेडीवाकडी होईल आणि फुगणारही नाही. ती का फुगली नाही, याचे कारण मात्र आता त्यांना सांगता आले पाहिजे.